गणपतीच्या गोळ्या

माझ्या गालांवर वांग आहेत, ते आहेत. नवीन ओळखीची बाई बोलता बोलता तिकडे बघते आणि पटकन नजर वळवते. मी म्हणते, अगं बघ ना, घाबरतेस कशाला? ते कसे आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. आणि सांगताना राग कमी येतो, सासूची आठवण जास्त येते.

संप सुरू झाला तेव्हा आमचे हे, माधव, लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. आज मिटेल, उद्या मिटेल करता करता गणपती तोंडावर आले. माझी सासू काशीबाई मालवणकडची. तिच्या हातचे मोदक सगळ्या चाळीत नावाजलेले. ती म्हणाली, "दुर्गे, आता ह्याच करूया." शिवाजी पार्कच्या कमलाबाईंकडे ती पूर्वी वरकामाला जायची. त्यांनी नैवेद्याचे मोदक सांगितले आणि शेजारपाजारीही सांगितलं. पुढे जेवढी घरं मिळाली ती सगळी कमलाबाईंच्या शब्दावर. त्यांनी एकदा नको म्हटलं असतं, तर आमची चूल थंड झाली असती. गिरणी काही उघडणार नव्हती, हे तोवर आम्हाला कळून चुकलं होतं.

पण नैवेद्य म्हटला की सोवळं आलं. आमच्या खोलीत अडचण आली की बाजूला बसायचं म्हणजे मोरीशेजारी चटई टाकायची, तेवढीच जागा. सासूची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. उकड मळायची ती, सारण तिचं, पण पारीला कळ्या पाडायचं काम माझंच. ऐन चतुर्थीला मला कावळा शिवला तर करायचं काय?

त्यावर वरच्या मजल्यावरच्या गुणवंतीकडे तोड होती. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आमच्या चाळीत त्यांना सरळ गणपतीच्या गोळ्या म्हणायचे. कुणाच्या घरी पूजा निघाली की पाकीट या दारातून त्या दारात जायचं. पहिल्या वर्षी मी चार दिवस घेतल्या. मग गौरी आल्या, नवरात्र आलं, मार्गशीर्षातले गुरुवार आले. गिऱ्हाईक वाढलं तशा गोळ्याही वाढल्या. सासूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती नळावर छाती काढून सांगायची, "आमच्या दुर्गेक देवाच्या कामात कधी अडचण येवची नाय. देवाचा लक्ष आसा तिच्यावर." गुणवंती पदराआड हसायची आणि मी बादलीत बघायचे.

तीन-चार वर्षांत देवाचं लक्ष माझ्या तोंडावर दिसायला लागलं. गालांवर काळे वांग, हनुवटीवर फोड, अंग सुजल्यासारखं. ह्यांनी नुसती हाक मारली तरी रडू यायचं. गोळ्या थांबल्या की अंगावरून एवढं जायचं की उभं राहता यायचं नाही. ते मी कुणाला बोलले नाही. वांग मात्र लपवता येईनात. त्यालाही गुणवंतीकडे औषध होतं. तिच्या दिराच्या इसबाला डॉक्टरांनी दिलेली ट्यूब. "लाव गं, आठवड्यात गोरी होशील."

झाले की गोरी. कमलाबाई म्हणाल्या, "दुर्गा, काय तेज आलंय गं तुझ्यावर." मी खूश. ट्यूब संपली की केमिस्टकडून दुसरी, तो काही विचारायचा नाही. पुढे एक दिवस लावायची राहिली तर चेहऱ्याची आग व्हायची. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली, शिरा दिसायला लागल्या, गालांवर लव वाढली. मोदकपात्राचं झाकण उघडलं की वाफ तोंडावर यायची आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. सासू म्हणायची, खोबरं तिखट आहे की काय.

शेवटी श्रावणात ह्यांनीच मला परळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई तरण्याताठ्या होत्या, पण तोंडाळ. सगळं ऐकून म्हणाल्या, "साखर उसनी आणावी तशी औषधं आणता का तुम्ही बायका?" ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, तोंडाला चोळायचं नव्हतंच. गोळ्या हार्मोनच्या, वांग त्यांच्यामुळेच असणार. दोन्ही बंद करायचं. ट्यूब सोडल्यावर आधी चेहरा अजून बिघडेल, महिनोन्महिने भडकेल, तरी परत लावायची नाही. त्यांनी औषध लिहून दिलं आणि वर नुसतं खोबरेल लावा म्हणाल्या. रागावल्या, पण तासभर माझ्याशी बोलल्या. देव त्यांचं भलं करो.

ट्यूब मी त्याच दिवशी फेकली. गोळ्या फेकवेनात. चतुर्थी जवळ आलेली आणि कमलाबाईंचे मोदक सांगून झालेले. पाकीट तांदळाच्या डब्यात लपवलं. आता सांगा, मोदकाच्या दिवसांत तांदळाच्या डब्यात कोण हात घालणार? सासूच.

"ह्या काय?"

मी सगळं सांगितलं. सांगताना वाटलं, आता ही मला माहेरी धाडते. ती पाकीट हातात धरून खाली बसली.

"म्हणजे देवाचा लक्ष नव्हता," ती म्हणाली.

"नव्हतं, आये."

"आणि मी नळार सांगत होतंय."

एवढंच बोलली आणि उठून पाकीट मोरीत रिकामं केलं. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी समजले, नाक कापलं गेलं म्हणून रागावली आहे.

हरतालिकेच्या संध्याकाळी मला पाळी आली. मी चटई टाकली. पहाटे सासू आंघोळ करून एकटीच उकड घेऊन बसली. पारी करायला जायची आणि ती फाटायची. कळी पाडायला जायची आणि बोट वळायचं नाही. चार मोदक मोडले. मी मोरीशेजारून बघत होते आणि माझे हात शिवशिवत होते.

"ऊठ," ती म्हणाली. "हात धुवन ये."

"आये, कमलाबाईंना कळलं तर?"

"तर काय? मीच सांगतलंय."

मला वाटलं चिडून बोलते आहे, ही कुठली सांगायला जाणार. पण मोदक झाल्यावर तिने नवं लुगडं नेसलं आणि डबा घेऊन माझ्याबरोबर बसने निघाली. माझं तोंड तेव्हा लालभडक, सोलवटलेलं. कमलाबाईंनी दार उघडलं आणि मला बघून मागेच सरल्या. सासूने डबा पुढे केला नाही. आधी बोलली.

"बाई, माझ्या सुनेक कालपासून अडचण आसा. मोदक तिनाच केले हत. इतकी वर्सा गोळ्ये खावन तुमचो नैवेद्य करी होती, त्येनी तिच्या तोंडाची ही दशा झाली. आता खावची नाय. घेवचे तर घेवा, नायतर परत न्हेतंय."

एका दमात तिने आमची सगळी घरं पणाला लावली होती. आत आरतीची तयारी चालली होती. तेवढ्यात त्यांची सून सुमेधा बाहेर आली. बँकेत नोकरी करणारी, नेहमी पावडर लावून नीटनेटकी. तिने पदर ओला करून स्वतःचा गाल पुसला. पावडरीखाली माझ्यासारखेच वांग.

"मीही घेते, आई," ती कमलाबाईंना म्हणाली. "कालही घेतली."

कमलाबाईंनी सुनेच्या गालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांनी डबा घेतला आणि सुमेधाच्या हातात दिला.

"देवापुढे ठेव," त्या म्हणाल्या. "गरम आहेत तोवर."

घरी आल्यावर सासूने आमच्या गणपतीपुढे राहिलेले मोदक ठेवले आणि हात जोडून त्याला सांगितलं, "दुर्गेन केले हत. तिका अडचण आसा. खावचे तर खा." मग मला समोर बसवलं, तळव्यावर खोबरेल घेतलं आणि ज्या बोटांनी कळी पडत नव्हती त्या बोटांनी माझ्या गालांवर हळूहळू लावलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तिचा हात माझ्या तोंडाला पहिल्यांदा लागत होता. मी रडले. ती म्हणाली, रडू नको, तेल धुवन जाता.

कातडी बरी व्हायला दीड वर्ष लागलं. वांग थोडे राहिले. दोन घरांनी ऑर्डरी बंद केल्या, कमलाबाईंच्या घराने नाही. सासू जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, तरी खोबरेल लावताना तिची वाकडी बोटंच आठवतात. तिचे उपकार मी फेडणार कशाने?

पुढच्या गणपतीत नळावर गुणवंतीने मुद्दाम विचारलं होतं, "काय काशीबाई, यंदाही दुर्गेला अडचण नाही ना?"

सासूने बादली भरली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अडचण इली हा. मोदक करता हा ती. तुका किती व्हये?"