कुसाबाईचा झिरा

कुसाबाईच्या हाताला पाणी लागतं, असं वस्तीवर सगळेच म्हणत, आणि ती स्वतः जरा जास्तच म्हणे. त्र्यंबकच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी चौदा घरं. वर खडीची खाण. दगड फोडून, धुऊन नाशकातल्या इमारतींसाठी वाळू करायची आणि धुवणाचा राखाडी गाळ मातीचा बांध घालून तळ्यात अडवायचा, असा तिथला कारभार. चार वर्षांत तळं तुडुंब झालं होतं.

फाल्गुनात त्या बांधाच्या पायाशी कुसाबाईला ओल दिसली. ओल दिसली की झिरा खणायचा, हे ती आईच्या पोटातूनच शिकून आली होती. हातभर खणलं, तर पाणी कसं नितळ! दोन मैलांवरच्या विहिरीची पायपीट संपली. धार मंदावली की ती पहार घेऊन झिरा आणखी आत कोरी, मग ओढ्याच्या काठावर उभी राहून हात हलवी, आणि खालून बायका हंडे घेऊन निघत.

तिचा मुलगा केरू खाणीवर वाळू धुण्याच्या मशीनवर होता. तो एकदा म्हणाला, "आई, ते आमच्या तळ्याचं पानी हाय. बांध पाझरतोय. मी सायबाला सांगितलं."

"मंग काय म्हनला सायब?"

"पानी नितळ हाय ना, मंग कशाला काळजी, म्हनला."

"शाना हाय तुझा सायब," असं म्हणून कुसाबाई पहार उचलून चालती झाली. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन. वर तक्रार कशाला करायची?

वैशाखातल्या एका सकाळी झिऱ्याला तांदळाच्या धुवणासारखं पाणी आलं. कुणीतरी म्हशी घातल्या असतील म्हणून तिने त्या कुणाच्या तरी नावाने बोटं मोडली, आदल्या दिवशी शेजारच्या खड्ड्यात साठवलेल्या पाण्याने हंडा भरून ठेवला आणि झिरा साफ करायला पहार आत घातली. पहार अख्खी आत गेली. टोकाला काही लागलंच नाही. मग आतून राखाडी लोट आला आणि पहार तिच्या हातातून हिसकावून घेऊन गेला. वर बांधाला भेग पडत होती, माती ढेकळाढेकळाने खाली येत होती.

कुसाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ती काठावर धावली आणि दोन्ही हात हलवत ओरडली, "पळा! डोंगरावर पळा!"

खाली ओढ्यात तिची सून हर्षाली येत होती. कडेवर वर्षाची वेदिका, डोक्यावर हंडा, मागे पाच-सहा बायका. खाणीच्या घरघरीत शब्द काही पोचत नव्हते. कुसाबाई हात हलवतेय म्हणजे पाणी मोकळं झालं, एवढंच त्यांना दिसत होतं. ती जितके जोरात हात हलवी, तितक्या त्या झपाझप वर येत. आपणच लावलेली सवय नातीच्या मुळावर उठली, हे तिला कळलं.

तिने हात खाली घेतले. भरलेला हंडा उचलून खडकावर आपटला, लुगडं खोचलं आणि सगळ्यांकडे पाठ करून डोंगर चढायला लागली. मागे वळून पाहिलं असतं तर पाय उचललाच नसता. थोड्या वेळाने खडकांवर हंडे आदळल्याचा आवाज आला. एक, दोन, मग सगळेच. धापा टाकत हर्षाली तिच्याजवळ पोचली. वेदिका रडत होती.

"आत्याबाई, तुमी भरला हंडा फेकला, तवाच समजलं," ती म्हणाली.

तेवढ्यात बांध फुटला आणि गाळाचा लोंढा ओढ्यातून वस्तीत घुसला. बायकांना डोंगरावर पळताना बघून वस्तीही बाहेर पळाली होती. पायाने अधू झिपरू तेवढा घरात राहिला. दुपारी गाळ उपसून त्याचं प्रेत काढलं.

तिथेच खाणीचे साहेब आले. त्यांनी विचारलं, "बांधापाशी कोण खणत होतं?"

"आई, गप बस," केरूने तिचा हात दाबला. कुसाबाईने हात सोडवला आणि आधी झिपरूच्या बायकोसमोर जाऊन बसली.

"यशोदे, म्या खनलं," ती म्हणाली.

मग कुसाबाई साहेबांकडे वळली. "म्या खनलं. माजी चूक हाय, लय मोठी हाय. पन माज्या लेकानं बांध पाझरतोय म्हनून सांगितलं, तवा तुमी बघायला का नाय आला?"

साहेबांनी वही काढली आणि तिची पहिली दोन वाक्यं तेवढी लिहून घेतली.