कानाला काज

मी एक जुनी विणायची सुई आहे. पण मित्रांनो, माझा जन्म काही सुई म्हणून झाला नाही. मी देवीदासजींच्या सायकलच्या चाकातली तार होते. सेक्टर 10 च्या क्वार्टरपासून प्लांटच्या गेटपर्यंत त्यांना रोज पोचवण्यात माझाही वाटा होता. सायकल भंगारात निघाली तेव्हा त्यांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, दोन तारा मागून घेतल्या. देवीदासजींनी कानशीने टोकं घासून गोल केली आणि आम्ही दोघी बहिणी सुया झालो.

त्यांच्या प्रफुलच्या जन्मापासून आम्ही मोजे, टोपडी, स्वेटर विणले. शेजारणी नमुना उतरवून घ्यायला यायच्या, तेव्हा आमचा रुबाब काय वर्णावा. पुढे बाजारातून तयार स्वेटर आले आणि आमचे दिवस फिरले. इडली शिजली का बघायला मला तिच्या पोटात खुपसलं, बेसिनच्या जाळीतला कचरा काढायला लावलं. तेही मी निमूट सोसलं.

यंदा दिवाळीत देवीदासजींच्या कानाला ऐकायचं मशीन बसलं. कित्येक वर्षांनी नवरा-बायकोच्या गप्पा रंगू लागल्या. एवढ्यात थंडी पडली. कानटोपी घातली की मशीन दबून शिट्टी मारायचं. मग ते मशीन काढून ठेवायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. टोपी काढावी तर खोकला. कुठे दोन शब्द बोलायला माणूस मिळाला होता, तोही पुन्हा गेला, याचं शेवंताबाईंना फार वाईट वाटलं.

त्यांनी आम्हाला शोधून पुसून घेतलं. सून खुशबूने मोबाइलवर एका देखण्या कानटोपीचा नमुना लावून दिला. नवी टोपी मऊसूत झाली, पण तिच्यातही मशीन कुईं करू लागलं. शेवंताबाईंनी ती उसवली.

“स्वेटरच्या बटनाले काज असते का नाही? तसं कानाले काज ठेवू,” त्या म्हणाल्या.

“पण आई, कानटोपीत कानच उघडे? सच में, लोक हसतील.”

“हसू दे. मले याइच्यासंगं बोलाचं हाय.”

त्यांनी कानाजवळचे टाके बंद केले, वरच्या ओळीत तेवढेच नवे घातले आणि मोबाइलकडे पुन्हा पाहिलंही नाही. टोपी चढली. कपाळ, मान झाकली. कान आणि मशीन मोकळे राहिले. शेवंताबाई स्वयंपाकघरातून, आवाज न चढवता म्हणाल्या, “अहो, चहात आलं टाकू का?”

“टाक. जरा जास्तच टाक.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं मी सांगणारच. त्यात माझा स्वार्थ आहे. पण नमुना कितीही देखणा असो, ज्याच्या डोक्यावर टोपी चढायची त्याची अडचण आधी विचारून घ्या. ती समजली की उसवायचा कंटाळा येत नाही.

काल संध्याकाळी शेवंताबाई दुसरी टोपी विणत होत्या. देवीदासजी शेजारी बसले होते. एकदम म्हणाले, “तुया सुया वाजून राहिल्या.”

शेवंताबाईंचे हात थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते.

ते वाट पाहत राहिले, मग म्हणाले, “थांबली कावून? विन ना.”