चौदा भांडी

ओपल गेल्याची बातमी मंगळवारी सकाळी नऊ वाजता शायलोच्या चर्चमध्ये पोहोचली, आणि अकराच्या आत तिच्या नवऱ्याच्या, होलिस टिडमोरच्या, स्वयंपाकघरात पहिली तळलेली कोंबडी येऊन थांबली. मग रीघच लागली. लोण्यातला घेवडा, भाजलेली रताळी, रश्शात शिजवलेले कणकेचे गोळे, तीन घरचं बटाट्याचं सॅलड. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर शाईने नाव. त्या दिवशी कोण काय बोललं ते होलिसला पुढे आठवेना. एवढंच आठवे, की घर माणसांनी भरलं होतं, कॉफी कुठल्या डब्यात असते हे जो तो त्यालाच विचारत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं.

सहा आठवडे झाले. चौदा भांडी धुऊन फळीवर ओळीने बसली होती. होलिस चर्चला जात नव्हता. वासरू आजारी आहे, असं त्याने पाद्र्याला, ब्रदर डेनीला, सांगितलं होतं. वासरू कधीच बरं झालं होतं. खरं कारण ही भांडी होती.

गुरुवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, मी रविवारी येतेय. भांडी गाडीत टाकते आणि चर्चच्या स्वयंपाकघरात ठेवून देते. ज्याचं तो उचलेल."

"रिकामी?"

"मग काय भरून? तुम्हाला अंडं उकडता येत नाही."

"जॅनेल, तुझ्या आईने कुणाचं भांडं कधी रिकामं पाठवलं नाही. तिच्या नावाने आलेली भांडी मी तशी पाठवणार नाही."

जॅनेल म्हणाली, "रविवारी नऊला पोहोचते. तोवर काय करायचं ते करा. नाहीतर मी रिकामी नेणार. ती माणसं दुसऱ्यांची भांडी मागून स्वयंपाक करतायत, बाबा."

होलिसने मक्याचा पाव करायचं ठरवलं. अठ्ठेचाळीस वर्षं रोज ताटात असलेली वस्तू, त्यात अवघड ते काय असणार? ओपलच्या पत्र्याच्या डबीत केकच्या कृती होत्या, लोणच्याच्या होत्या. मक्याच्या पावाची नव्हती. ती कुणी लिहून ठेवत नाही.

त्याने ओपलचा बिडाचा खोल तवा काढला. जड, काळाकुट्ट, तुकतुकीत. लोकांच्या घरी अन्न जायचं तर भांडं स्वच्छ हवं, म्हणून त्याने आधी साबण आणि तारेची घासणी घेतली. काळं हटेना, तेव्हा शेडमधला तारेचा ब्रश आणला. तासाभराने तवा नव्या फाळासारखा राखाडी चमकू लागला. होलिसला बरं वाटलं. सहा आठवड्यांत एक काम तरी नीट झालं होतं.

पहिला पाव निम्मा तव्यालाच राहिला. दुसरा खरवडून काढावा लागला. तिसरा त्याने उलथ्याऐवजी पटाशीने काढला. कोंबड्यांची चैन झाली.

शुक्रवारी तो तवा घेऊन शेजारच्या मिस युलाकडे गेला. तिचं वय त्र्याऐंशी. लहानपणी रविवारच्या शाळेत तिनेच त्याला प्रार्थना शिकवल्या होत्या, त्यामुळे एकाहत्तर वर्षांचा होलिस तिच्या लेखी अजून पोरच होता.

"मिस युला, पाव चिकटतोय."

तिने चष्मा लावला. "हे काय आहे?"

"ओपलचा तवा."

"ओपलचा तवा मी ओळखते, पोरा. तो काळा होता."

"घासला मी. चांगला."

"कशाने?"

होलिसने सांगितलं. मिस युला खुर्चीत बसली आणि पोट धरून हसू लागली. "नांगराला तेल लावून ठेवायचं कळतं तुला, आणि तव्याला तारेचा ब्रश लावलास! अरे, तो काळा थर म्हणजे मळ नव्हे. रोजची चरबी मुरून मुरून तो बसतो. म्हणून चिकटत नाही काही."

होलिस हसला नाही. "म्हणजे ते सगळं तिच्या हातचं होतं," तो म्हणाला, "आणि मी ते घासून टाकलं." आणि दफनाच्या दिवशीही न रडलेला तो माणूस तिथे टेबलावर कोपरं टेकून रडू लागला.

मिस युलाने त्याला रडू दिलं. मग तवा हळूच बाजूला ओढला. "यावर नको. गंजेल."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "लग्नाच्या वर्षी ओपलनेही तो असाच घासला होता. तुझ्या आईचा तवा. नव्या सुनेला वाटलं, सासूबाई अस्वच्छ आहेत. मग याच खुर्चीत येऊन रडली."

"मला कधी बोलली नाही."

"तुला कशाला सांगेल? महिनाभर तू खरवडलेला पाव खाल्लास आणि तुला पत्ता नाही."

"मला वाटायचं, असाच करतात."

आता दोघंही हसले.

तिने त्याला डुकराच्या चरबीचा डबा दिला. अगदी पातळ हात फिरवायचा, पुसून काढायचा, तवा ओव्हनमध्ये तासभर पालथा ठेवायचा. असं चार वेळा. पावाच्या वेळी चरबी घालून तवा आधी कडकडीत तापवायचा. मिश्रण ओतताना चर्र झालं नाही, तर चूक झाली. मक्याचं पांढरं पीठ, ताक, अंडं, मीठ, सोडा. "आणि साखर घातलीस तर माझ्या दारात येऊ नकोस."

मग तिने त्याला जेवायला बसवलं. "प्रार्थना म्हण."

"नको, मिस युला. सहा आठवडे म्हटली नाही."

"मग पाठ आहे का बघ."

होलिसने डोळे मिटले. "प्रभू, हे अन्न आमच्या अंगी लाग... लागू दे, आणि आम्हाला..."

"तुझ्या कामी लाव," तिने पूर्ण केलं. "आमेन. घेवडा घे."

रविवारी जॅनेल आली तेव्हा होलिसच्या कानाला पीठ लागलं होतं आणि टेबलावर सहा पाव होते. शनिवारी तवा तयार करण्यात दिवस गेला, आणि पहाटेपासून एकामागून एक पाव निघाले. दोन तुटले होते, ते त्याने जोडून, चांदीच्या कागदाखाली झाकून ठेवले होते. जॅनेलने एक तुकडा तोंडात टाकला.

"बाबा, मीठ नाही यात."

"दोनांत विसरलो. बाकीच्यांत आहे."

"कुठल्या दोनांत?"

"ते देवाला माहीत."

तिने तोंडावर हात धरला, पण हसू लपलं नाही. सहा भांडी गाडीत गेली. चर्चमध्ये होलिस आपल्या नेहमीच्या बाकावर बसला. शेजारची जागा जॅनेलने घेतली. उपासना संपल्यावर मिसेस पर्डीने आपलं भांडं उंच धरून बुडाच्या पट्टीवरचं नाव वाचलं, मग कागद उचलला.

"होलिस, हे तू केलंस?"

"हो. तुमच्या पावात मीठ असेलच असं नाही."

"मीठ आहे माझ्या घरी," ती म्हणाली, आणि भांडं छातीशी धरून गाडीकडे निघाली. जाता जाता वळून म्हणाली, "बुधवारी प्रार्थनेनंतर जेवण आहे. पाव तुझ्याकडे लावते. वासराचं काही सांगू नकोस."

घरी येऊन होलिसने तवा नुसत्या गरम पाण्याने धुतला, चुलीवर वाळवला, चरबीचा हात दिला. कडेने काळं धरू लागलं होतं. मधे अजून राखाडीच होतं. फळीवर आठ भांडी उरली होती, आणि ती भरून परत द्यायची होती.