शिक्क्यातलं कुंकू

अरे ऐक ना, आधी नुसतं ऐक, मधे बोलू नको. ही गोष्ट बाळकुमची, राणीच्या राज्यातली, घासलेट गावात नवीन नवीन आलेलं तेव्हाची. तोवर करंजाच्या तेलाचे दिवे असायचे, मिणमिणते, धूर ओकणारे. घासलेट आलं आणि घराघरात पांढरा उजेड पडला. पण धास्तीपण आली. कळव्याला म्हणे कुणाची चिमणी फुटून बाई भाजली. मग डब्यांवर शिक्का यायला लागला. पत्र्यातच ठोकलेला, गोल, मधे चांदणी. चांदणी असली म्हणजे तेल तपासलेलं, भडका उडणार नाही. वाचता कोणाला येत होतं रे? पण चांदणी सगळ्यांना कळायची.

तर हे तेल विकायची ठमाबाई. नवरा मिठागरात कामाला होता, तो गेला. पोरबाळ नाही. दिवसभर तिच्या दारात कुत्रंपण फिरकायचं नाही. पण दिवेलागण झाली की बायका बाटल्या घेऊन यायच्या, आणि बाटली भरली तरी उठायच्या नाहीत. उंबऱ्यावर बसून सासवांच्या नकला, कोलंबीचे भाव, हसून हसून ठसका. ठमाबाई तेवढ्यासाठी जगायची. तेल आपलं निमित्ताला.

आणि तिची एक रीत होती. नवा डबा फोडायच्या आधी शिक्क्याला हळदकुंकू. घरात आग आणतोय, तिला मान नको? पण ही विधवा, कुंकवाला हात कसा लावणार? मग शेजारच्या तुळसाला हाक मारायची. तुळसा बोट टेकवायची, चांदणीच्या खाचेत कुंकू भरायचं, आणि दोघी अशा हसायच्या जशी काय नवरीच घरात आलीय. रिकामे डबे परत न्यायचा काळुराम, ठाण्याच्या व्यापाऱ्याचा गाडीवान.

एकदा काळुराम नवा डबा टाकून गेला. ठमाबाईने डब्याचं लाकडी खोकं उघडलं, पुसायला फडकं घेतलं, आणि हात तिथेच थांबला. चांदणीत कुंकू! अरे, कोऱ्या डब्यावर कुंकू कुठून येईल? तेलाने काळपट झालेलं, खाचेत घट्ट बसलेलं. डबा तिचाच होता! रिकामा गेलेला, आत भलतंच काहीतरी भरून, तोंडाला कथलाचा नवा डाग मारून परत आलेला. तिने करवंटीत थोडं तेल ओतलं, अंगणात ठेवलं, पेटती काडी लांबूनच पुढे केली. काडी टेकायच्या आधीच भप्पकन! हिच्या भुवया होरपळल्या.

संध्याकाळी बायका आल्या.

"आज तेल नाय," ठमाबाई म्हणाली. "हा डबा खोटा हाय."

"शेटाशी भांडलीस काय गो काकी?"

"भडकतंय गो! भुवया बग माज्या."

"शिक्का तर हाय की."

"शिक्का आपल्याच जुन्या डब्याचा. तुळसा, तुजं कुंकू हाय त्यान, म्हनून तर कललं!"

झालं. हिला म्हणायचं होतं, तुझ्या कुंकवाने मला वाचवलं. तुळसाला ऐकू आलं, तुझ्या कुंकवाने तेल नासलं. चार जणींदेखत!

"माज्या कुंकवाला नाव ठेवतंस?" तुळसा ताडकन उठली. "डब्यावर शिक्का हाय. तुज्या बोलन्यावर कुटं हाय शिक्का?"

सगळ्या खो खो हसल्या आणि तिच्या मागोमाग निघाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काळुराम विहिरीपाशी गाडी सोडून तेल विकायला लागला. तीच चांदणी. ठमाबाई दारोदार फिरली, हातापाया पडली. आतून कोणीतरी म्हणे, "धंदा बुडाला, म्हनून बोलतंय." आणि गंमत काय, काहीच झालं नाही रे! रोज दिवे लागत होते, रोज विझत होते, आणि दिव्यागणिक ही जास्त खोटी पडत होती. काळुराम जाता जाता ओरडायचा, "काय ठमाबाय, पेटला का गाव?"

एका संध्याकाळी तिच्या मनात आलं, फुटू दे एखादी चिमणी. कोणी मरू नको, नुसती फुटू दे. आणि या विचाराने ती इतकी हादरली की स्वतःच्याच गालांवर चापट्या मारून घेतल्या.

मग एक दिवस तुळसाच आली. हातात बाटली. कित्येक दिवसांनी त्या उंबऱ्यावर कोणीतरी बसलं.

"अबोला पुरे गो काकी. भर बाटली. सगलीच तर हेच जालतान, काय झालं कोनाला? मी घेतलं म्हंजे उद्यापासून सगल्या येतील."

ठमाबाई उठून आत गेली. आतून तो डबा ओढत आणला. तुळसाने बाटली पुढे केली. आणि ठमाबाईने डबा आडवा केला! तिथेच, अंगणातल्या मातीत, सगळा. तुळसाने नाकाला पदर लावला, उठली, सरळ विहिरीकडे चालायला लागली. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

थोड्या वेळाने तुळसाच्या घरात उजेड पडला, पांढराशुभ्र. ठमाबाईने एक गोणपाट पाण्यात भिजवलं, भडका उडालाच तर वर टाकायला, मांडीवर घेतलं, आणि त्या दिव्याकडे बघत बसली, तो विझेपर्यंत. पुढे रोज तेच. तुळसाला कधी कळलंपण नाही.

आता तू सांग. तुळसा उंबऱ्यावर बसलीय, बाटली पुढे केलीय. तू काय केलं असतंस?