धाकट्याचा दुसरा जन्म

समितीनं परवानगी दिली असती, तर आईपेक्षा मोठीचाच फायदा जास्त होता. आईला नुसता मुलगा परत मिळणार होता; मोठीची सुटका होणार होती. ती ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कामाला होती त्याची दुसऱ्या गावी शाखा निघत होती, आणि मालकानं तिथली व्यवस्था तिलाच देऊ केली होती. पण धाकटा मोटरसायकलवरून पडून गेला तेव्हापासून आई एकटी राहीना, धड जेवीना. घरात तान्हं मूल आलं की आई त्यात गुंतेल, एखादी दाई ठेवू, आणि आपण निघू, असा मोठीचा हिशेब. चाळिशी उलटलेल्या लेकीनं असं मोजमाप करू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी आठवडाभर तिच्या आईजवळ राहून यावं.

धाकट्याच्या पेशी इस्पितळानं जपून ठेवल्या होत्या. त्यांतून हुबेहूब त्याच्यासारखं मूल जन्माला घालता येईल, असं डॉक्टर सांगत होते. घालावं की नाही, एवढंच समितीला ठरवायचं होतं.

सुनावणी जेवणानंतरची, त्यामुळे निम्मी समिती जांभया गिळत बसलेली.

"ही माणसाची नक्कल आहे," तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणाले. "त्या पोराला स्वतःचं आयुष्य म्हणून काही मिळणारच नाही."

"जुळी भावंडं असतातच की," डॉक्टर म्हणाले. "त्यांचं काय अडतं?"

"जुळ्यातल्या एकाला दुसऱ्याची जागा भरायला कुणी जन्माला घालत नाही."

"आणि बाकीची मुलं काय लोक निरपेक्ष बुद्धीनं घालतात? तुमच्या वडिलांनी विचारलं होतं तुम्हाला?"

"त्यांनी विचारलं असतं, तर मी इथं आलोच नसतो," प्राध्यापक म्हणाले. सगळे हसले, आई सोडून.

मोठीला दोघांचंही पटत होतं. सकाळभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहिलेल्या माणसाला, बसायला खुर्ची मिळाली की कुणाचंही पटतं.

अध्यक्ष वकीलबाई होत्या. त्यांनी चष्मा पुसला. "आजी, एक साधी गोष्ट राहिली. मूल पोटात वाढवायला नात्यातलीच बाई लागते, तसा नियम आहे. तुमच्याकडे कोण आहे?"

आईनं मान वळवायचेही कष्ट घेतले नाहीत. "मोठी आहे की."

दूध संपलं, नळ गळायला लागला, धाकट्याला शाळेतून आणायचं राहिलं, की आजवर घरात हेच उत्तर असे. आताही कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. "आम्ही ते धरूनच चाललो होतो," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना विचारलंत का?" वकीलबाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच विचारलं, "तुमचं काय म्हणणं, ताई?"

मोठीच्या हिशेबात हे कुठंच नव्हतं. हो म्हटलं तर शाखा गेली. नाही म्हटलं तर आई.

"मी बहीण आहे त्याची," मोठी म्हणाली. "भावाला पोटात घेऊन कशी हिंडू?"

"कडेवर घेऊन हिंडलीसच की," आई म्हणाली. "न्हाऊमाखू घातलंस, भरवलंस. तुझ्याच हातावर वाढला तो."

"म्हणूनच तर, आई. तो गेला तेव्हा तुला सांभाळता सांभाळता मला रडायला सवड झाली नाही. आता तोच समोर रांगायला लागला, तर मी रडायचं कधी?"

प्राध्यापकांनी खिशातून पेन काढलं. एवढं वाक्य वाया जाऊ देणारा माणूस तो नव्हे.

"नाही जमणार मला," मोठी म्हणाली. "खरंच दमलेय मी."

विषय तिथंच संपला. जिना उतरताना आईला मोठीचा हात लागतोच. तो तिनं धरला. बोलली मात्र नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढं कितीतरी दिवस.

समितीचा एक अवघड निर्णय टळला. डॉक्टरांचं नाव व्हायचं राहिलं, प्राध्यापकांना व्याख्यानाला मजकूर मिळाला. धाकट्याला कुणी विचारलंच नव्हतं, तेव्हा त्याचं काही गेलं नाही. अबोल आईला एकटं टाकून जाणं मोठीला झेपेना, म्हणून शाखा दुसऱ्याच मुलीकडे गेली. आईनं मुलगा दोनदा गमावला. दुसऱ्या खेपेचा दोष तिनं मोठीवर ठेवला, आणि मोठीनं तो मुकाट्यानं घेतला.