कुंपणालगतची रताळी

"वांग्यात झेंडू अन् मिरचीत गुलाब! मैत्री, हे परस हाय का लग्नाचा मांडव?" चंद्रभागाबाईंनी खुरपं खाली ठेवलं.

"झेंडूनं वांग्याची कीड कमी होते, आत्याबाई."

"अन् गुलाबानं?"

"गुलाबानं मले बरं वाटते."

सासू खळखळून हसली. बेला गावच्या शिवारात जन्मभर दुसऱ्यांचा कापूस वेचलेली ती बाई. मुलगा धम्मपाल कारकून झाला, त्यानं घर बांधलं, तेव्हा कुठे मागचे चार वाफे तिच्या हक्काचे झाले. त्यातली वीतभर जागाही रिकामी राहिली की तिचा जीव तळमळे. मैत्री गावच्या मराठी शाळेत शिकवायची; तिला फुलांचं वेड. भांडत, हसत दोघींनी परसबाग एकत्रच लावली. दोडक्याच्या मांडवावर गोकर्ण चढली, पालकाच्या कडेनं शेवंती आली. कुंपणालगत रताळी होती, आणि त्याच कुंपणावर कळलावी.

कळलावीचा कंद मैत्रीनं इंद्रवेल्लीच्या मैत्रिणीकडून आणला होता. तेव्हा सासूबाई भीमपूरला लेकीकडे होत्या.

"हा कंद लय विषारी असते म्हणे," ती नवऱ्याला म्हणाली होती. "आत्याबाई आल्या की सांगजा. तुमचं त्या ध्यानात ठेवतात."

"सांगतो ना," मोबाईलमधून मान वर न करता धम्मपाल म्हणाला.

पावसाळ्यात वेल लाल-पिवळ्या फुलांनी पेटल्यासारखा दिसू लागला. येणारेजाणारे थांबून बघत, आणि सासूबाईच कौतुकानं सांगत, "आमच्या सुनेनं लावला." दिवाळीनंतर वेल वाळला, गळून पडला. कुंपणाशी नुसते रताळ्यांचे वेल उरले.

थंडीतल्या एका दुपारी मैत्री शाळेतून आली, तेव्हा सासूबाई बाजेवर मुरगळून पडल्या होत्या. खाली ओकारी झाली होती.

"काय खाल्लं, आत्याबाई?"

"रताळी काढली आज. उकडून खाल्ली. जराशी कडू निघाली, बाई. तुमा दोघांची झाकून ठेवली हायेत."

मैत्रीनं झाकण काढलं. जाड, लालसर रताळ्यांमध्ये काही बारीक कंद होते, नांगरासारखे वाकलेले. कळलावीचेच. त्यातला एक तिनं पदरात बांधून घेतला.

आदिलाबादच्या दवाखान्यात तिनं तो कंद डॉक्टरांपुढे धरला. "अम्माने कितना खाया?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते घाईनं आत गेले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना जरा हुशारी वाटली. "पालकाले पाणी टाकलं का?" त्यांनी विचारलं. मग लघवी बंद झाली, श्वास चढू लागला. त्या घरी परतल्या त्या शववाहिकेतून.

पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं जमली. वंदना झाली, आणि इतके दिवस दाबून ठेवलेलं नणंद प्रगतीच्या तोंडून बाहेर पडलं.

"फुलंच पाह्याची होती, तर कुंडीत लावाची ना, वयनी! खायाच्या वाफ्यात इख काऊन लावलं? अन् लावलं तं लावलं, माह्या मायले सांगता नाही आलं तुले?"

सगळ्या माना मैत्रीकडे वळल्या. मैत्रीनं धम्मपालकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून सतरंजीचा दोरा ओढत बसला होता. त्यानं तोंड उघडलं. ती थांबली.

"पाणी आणतो पाहुण्यांले," म्हणत तो उठला आणि आत गेला.

एक शब्द बोलली असती, तर त्या माना त्याच्याकडे वळल्या असत्या. पण आई तर त्याचीच गेली होती. आणि आत्याबाई परतल्यावर, सांगितलं का म्हणून, आपणही त्याला पुन्हा विचारलं नव्हतंच.

"चुकलं माह्यं, ताई," मैत्री म्हणाली.

पाहुणे गेल्यावर धम्मपाल कुदळ घेऊन परसात उतरला. गुलाब, वांगी, शेवंती, पालक, त्यानं काहीच पाहिलं नाही. सगळं उपटून बांधावर फेकलं. मैत्री दारात उभी होती. तिनं अडवलं नाही.

संध्याकाळी तिनं ताटं वाढली. बाजारातली मेथी होती, भाकरी होती.

"भाजी कोठची?" त्यानं विचारलं.

"बाजारातली."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीशी नेला आणि तसाच धरून ठेवला. नजर तिच्या ताटावर होती. काय चाललंय ते मैत्रीला आधी कळलंच नाही. कळलं, तेव्हा तिनं मान खाली घातली, घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग त्याचा हात तोंडाकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून पहिला घास तीच घेऊ लागली, त्याला थांबावं लागू नये म्हणून.