एप्रिलच्या आधी नवी बॅटरी

एकेहार्ट श्टाइबच्या गाडीला वर्षातले सातच महिने रस्त्यावर यायची परवानगी होती. जर्मनीत मिळते तशा हंगामी नंबरप्लेटवरच ते छापलेलं होतं, एप्रिल ते ऑक्टोबर. उरलेला हिवाळा ती लाल, दोन सीटांची गाडी गॅरेजमध्ये चादर पांघरून पडून असायची आणि एकेहार्ट दर रविवारी चर्चमधून आला की चादर उचलून तिला बघून यायचा. इतकी विचारपूस माणसं सख्ख्या नातवंडांची करत नाहीत. उन्हाळ्यातही ती बाहेर पडायची ती एखाद्या स्वच्छ रविवारी, द्राक्षमळ्यांच्या रस्त्याने, बायकोला शेजारी बसवून.

यंदा मार्चमध्ये त्याने किल्ली फिरवली तर टक् एवढाही आवाज आला नाही.

"हिवाळाभर चार्जरला लावलेली बॅटरी अशी मरते?" तो स्वयंपाकघरात येऊन करवादला. "हल्लीच्या वस्तूंत दमच नाही, ट्राउडे."

त्याची बायको इर्मट्राउड मसुराच्या कालवणात डाव फिरवत राहिली. बॅटरी तिनेच मारली होती.

गेल्या उन्हाळ्यात एकदा एकेहार्टचं डोकं भयंकर दुखलं. दुपारभर झोपला, उठला आणि डॉक्टरकडे जायला साफ नाही म्हणाला. तेव्हापासून त्याला उजवीकडचं दिसत नव्हतं आणि आपल्याला दिसत नाही हेही त्याला दिसत नव्हतं. उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटला की तो सुताराला शिव्या द्यायचा. ताटातलं उजवीकडचं अन्न तसंच राहायचं. ती बोलता बोलता ताट फिरवून ठेवायची आणि तो निमूट जेवायचा. तिच्या माहेरी सगळं असंच सांभाळून घेत. बोलून दाखवणं म्हणजे भांडण, अशी तिची लहानपणापासूनची समजूत होती.

ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी मात्र सांभाळण्यासारखं काही उरलं नाही. उजवीकडून सायकलवर एक शाळकरी मुलगी येत होती. गाडीने तिला कडेच्या गवतात ढकललं आणि एकेहार्ट शीळ घालत पुढे निघून गेला. ट्राउडेने मागे वळून पाहिलं. मुलगी उठून उभी राहिली होती, गुडघा झटकत होती. ट्राउडे पुन्हा समोर बघत बसली. या देशात लायसन एकदा मिळालं की मरेपर्यंत चालतं, म्हाताऱ्याचे डोळे कुणी तपासायला येत नाही. जे काय करायचं ते घरच्यांनी.

घरच्या बाईने मग हे केलं: गाडीचं पुढचं झाकण उघडून चार्जरच्या लाल चिमट्याखाली प्लास्टिकच्या पिशवीचा एक तुकडा सरकवला. चार्जरचा दिवा लागलेला, वायर जागच्या जागी, पण बॅटरीला थेंबभर वीज मिळेना. गाडीतला चोरांसाठीच्या अलार्मचा दिवा तेवढा रात्रंदिवस मिचमिचत तिला शोषत राहिला. मार्च लागताच तिने तुकडा काढून टाकला; तोवर बॅटरी चार्ज होण्यापलीकडे गेली होती. बॅटरी मेली की गाडी विकायची गोष्ट काढू, असं तिने ठरवलं होतं.

एकेहार्ट नव्या बॅटरीची गोष्ट काढेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुकानात तिनेच त्याला नेलं, तिच्या छोट्या गाडीतून. निघताना तो जुनी बॅटरी मागच्या सीटवर ठेवायला लागला.

"ती कशाला?" तिने विचारलं.

"जुनी परत दिली नाही तर साडेसात युरो जास्त घेतात."

"घेऊ देत. कंबर धरेल तुझी."

"पैसे काय झाडाला लागतात?" काटकसरीसाठी देशभर प्रसिद्ध असलेल्या श्वाबियातल्या माणसाला याच्यापुढे काही सांगता येत नाही.

दुकानाच्या मालकीण ड्रेहरबाईंनी तीन बॅटऱ्या काउंटरवर मांडल्या. पहिली साधी, स्वस्त. दुसरी पूर्ण बंद, तिच्यातलं आम्ल सांडत नाही. तिसरी लिथियमची, तिप्पट महाग, एका हाताने उचलता येईल एवढी हलकी.

"गाडी किती चालवता, श्टाइबसाहेब?"

"कमी. पण चालवतो तेव्हा चालवतो."

"मग लिथियम घ्या. वापर नसला की ती आपोआप गाडीपासून तुटते, वीज आत साठून राहते. सहा महिने चार्जर लावला नाही तरी वसंतात पहिल्या झटक्यात गाडी सुरू."

ट्राउडेने पहिली बॅटरी पुढे सरकवली. "साधी काय वाईट आहे?" ती म्हणाली.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गाडीत लक्ष घातलंस," एकेहार्ट हसला. त्याने पाकीट बाहेर काढलं.

ड्रेहरबाई जुनी बॅटरी उचलायला काउंटरच्या बाहेर आल्या. सवयीने त्यांनी तिला मीटर लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "ही तर पार तळाला गेलीय. महिनोन्महिने चार्जर लागलेलाच नाही हिला."

"मी स्वतः लावला होता," एकेहार्ट काउंटरमागच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाला. "बाई? कुठे गेलात?"

ड्रेहरबाई त्याच्या उजव्या हाताला, कोट लागेल इतक्या जवळ उभ्या होत्या. त्यांनी ट्राउडेकडे पाहिलं.

"तुझ्या उजवीकडे आहेत त्या," ट्राउडे म्हणाली. "तुला उजवीकडचं दिसत नाही, एकेहार्ट. ऑक्टोबरात तू एका मुलीला गवतात पाडलंस. चार्जरची वीज मी तोडली होती."

त्याने सावकाश मान वळवली. बाई दिसल्या तसा तो दचकला. मग त्याने लिथियमची बॅटरी हळूच मागे सरकवली. चिडला असता तर ट्राउडेला सोसलं असतं.

"साधी द्या," तो अखेर म्हणाला. "गिऱ्हाइकाला गाडी सुरू करून दाखवण्यापुरती."

बाहेर तिने पुढचं दार उघडलं, पण तो मागे जाऊन नव्या बॅटरीशेजारी बसला.

"पुढे बस ना."

"कलंडेल ती."

बॅटरी कलंडणार नव्हती. तिने गाडी काढली. चर्चचं वळण मागे पडलं.

"सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो," मग तो म्हणाला. "आठवडाभर अबोला धरला असता. मग किल्ली आणून दिली असती. तेवढा ओळखत नाहीस मला?"

"मी घाबरले होते."

"हिवाळाभर रोज समोर बसून जेवलीस." तो पुढे वाकला. "अजून काय काय आहे, ट्राउडे? मला माहीत नसलेलं?"

तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. नाही म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं. मग ती मागे वळली, त्याला दिसेल अशा बाजूने, आणि डोकं दुखलेल्या त्या दुपारपासून सांगायला लागली.